आगगाडी आणि अर्धा लिटर

मराठीत दारूसाठी शब्दांची वाण नाही. मद्य, मदिरा, सुरा, वारुणी ही झाली पोथीतली नावे. दारू, ताडी, हातभट्टीची, पहिल्या धारेची ही गावातली. पिऊन झालेल्या अवस्थेच्या बाबतीत तर भाषा आणखीच उदार आहे: चढते, झिंग येते, माणूस तर्र होतो, टाकून येतो. मात्र एका जागी शांतपणे बसावे, ठरलेल्या मापाने एकदा-दोनदा प्यावे, शेजाऱ्याशी चार शब्द बोलावेत आणि दिवेलागणीला उठून घरी जावे, या एवढ्या साध्या कृतीला मराठीत क्रियापद सापडत नाही. भाषेत शब्द नसतो तेव्हा बहुधा समाजात ती गोष्टही नसते. निदान उजळ माथ्याने नसते. गेले चार महिने आम्ही दोघे एका छोट्या युरोप-प्रवासाची आखणी करीत आहोत. आठ रात्री, चार शहरे, शहराशहरांमधला सगळा प्रवास आगगाडीने, आणि प्रवासाचा विषय बिअर. हे वाक्य लिहिताना हात किंचित अडखळतो, तो या न सापडणाऱ्या क्रियापदापाशीच.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो, एकाच महाविद्यालयात. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ आम्ही आलटून पालटून शिकवत आलो आहोत. गडकरी गेले त्याच वर्षी, १९१९ मध्ये, हे नाटक रंगभूमीवर आले, आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे मराठी मनातल्या दारूच्या चित्रावर त्याची सत्ता आहे. तळीराम हे विशेषनाम होते. आज वर्तमानपत्रे ते सामान्यनाम म्हणून बिनदिक्कत छापतात. नाटककाराचा याहून मोठा विजय कोणता? पण नाटक वारंवार शिकवले की त्याच्या भिंतीही दिसू लागतात. तिथे दोनच जागा आहेत. एकीकडे सिंधूचे घर, दुसरीकडे आर्यमदिरामंडळ. मधली जागा नाही. पहिल्या प्याल्याशी थांबता येते ही शक्यताच नाटक नाकारते. शीर्षकातला ‘एकच’ हा त्या नकाराचा उपरोध आहे. कायद्याचेही जवळपास तसेच. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि पिण्याचा परवाना दिला जातो तो पिणाऱ्याचे आरोग्य राखण्यासाठी. म्हणजे आपल्याकडे पिणारा एक तर तळीराम, नाही तर रुग्ण. (बोलण्याच्या सोयीसाठी आम्ही दोघांनी एक लहानसा पाठभेद स्वीकारला आहे. ‘प्याला’ मराठीत दारूचा असतो किंवा विषाचा. पाण्याचा आणि दुधाचा असतो तो ‘पेला’. आमच्या वहीत सर्वत्र ‘पेला’ असे लिहिले आहे.)

आमचा बेत ज्यांच्या कानावर गेला त्यांतल्या अनेकांनी सहल कंपन्यांची गुळगुळीत माहितीपत्रके आणून दिली. नऊ दिवसांत सहा देश, रोज सकाळी बॅगा खोलीबाहेर, दुपारी भारतीय जेवण. त्या पद्धतीची चेष्टा करण्याचा आमचा विचार नाही. आयुष्यात एकदाच निघणाऱ्या, परक्या भाषेची धास्ती घेतलेल्या माणसाला ती सोयीची असते. आमच्या विषयाला मात्र ती चालणारी नव्हती. बिअर हे पेय बाटलीत भरून जगभर जात असले तरी मूळ स्वभावाने फिरस्ते नाही. पाणी त्या गावचे, जव आसपासच्या शेतातला, मुरवण्याचे तळघर मागच्या टेकडीत कोरलेले, आणि रेल्वे येण्यापूर्वी पिंपाचा प्रवास घोडागाडीच्या पल्ल्याइतकाच. दर बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. जर्मनीच्या फ्रँकोनिया भागात बारा कोसही लागत नाहीत. गावागणिक बिअर बदलते. बोलीचा अभ्यास करायचा तर बोलणाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसावे लागते. आणि बिअर प्यायची तर स्वतः गाडी हाकता येत नाही. चेक प्रजासत्ताकात तर चालकाच्या रक्तात मद्याचा अंशही चालत नाही. तेव्हा आगगाडी हा आमच्या बाबतीत हौसेचा नव्हे, तर्काचा भाग होता.

मग निवड. बेल्जियम प्रथम गळाले. तिथल्या बिअर-संस्कृतीला युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, मठांतल्या बिअरची कीर्ती मोठी. पण त्यांतल्या कित्येक आठ-नऊ टक्क्यांच्या, म्हणजे आमच्या उद्देशाला जड. कोलोनवर अधिक चर्चा झाली. ऱ्हाइनकाठच्या या शहराची ‘क्योल्श’ नावाची फिकट बिअर फक्त ०.२ लिटरच्या उभट, बारीक पेल्यात देतात. वाढणाऱ्याला तिथे ‘क्योबेस’ म्हणतात. त्याच्या हातात गोल कड्यासारखे तबक असते, आणि तुमचा पेला रिकामा दिसला की तो न विचारता दुसरा ठेवतो, पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो आणि पुढे जातो. पुरे झाले हे सांगण्याची खूण अशी की ती चकती पेल्यावर झाकण म्हणून ठेवायची. वाचताना आमच्यातल्या त्याला ही रीत मोठी मोहक वाटली. आमच्यातल्या तिला वाटली नाही. “नको म्हणेपर्यंत येतच राहणारी गोष्ट मला नको,” असे ती म्हणाली.

तिच्या म्हणण्याला कारण होते. तिचे वडील साखर कारखान्यात नोकरीला होते. पगाराच्या दिवशी गुत्त्याची वही कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभी राही. वहीत त्यांच्या नावापुढे रेघा असत. चार उभ्या आणि त्यांना छेदणारी पाचवी आडवी. वही म्हणेल ते खरे, कारण पिताना मोजलेले कुणाच्या लक्षात राहते? उरलेला पगार घरी येई. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी यकृताच्या विकाराने ते गेले. पुढे काही वर्षांनी गावात दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांचे मतदान झाले. उभी बाटली म्हणजे दुकान राहावे, आडवी बाटली म्हणजे जावे. मतदार महिलांपैकी निम्म्याहून अधिकींनी आडवी केली तरच दुकान हलते. तिची आई त्या आठवड्यात घरोघर फिरली. बाटली आडवी झाली. अशा घरातली मुलगी पंचेचाळिसाव्या वर्षी बिअरसाठी युरोपला का निघते, हा प्रश्न आम्हाला कुणी थेट विचारला नाही; पण ज्यांना तिचे माहेर ठाऊक आहे त्यांच्या नजरेत तो दिसला. तिचे उत्तर तयार आहे आणि ते चवीविषयीचे नाही. अर्धा लिटर पिऊन उठणारा माणूस तिला पाहायचा आहे. तो कसा बसतो, काय बोलतो, खिशातून पैसे कसे काढतो, उठताना मागे वळून पाहतो का. पिणारी माणसे तिने पुष्कळ पाहिली. थांबणारी पाहायची राहिली आहेत.

आईला सांगायचे की नाही यावर आमच्यात दोन मते होती. अखेर तिने फोनवर सरळ सांगून टाकले.

“तिकडं काय बघणार गं?” आईने विचारले होते.

उत्तर ऐकून बराच वेळ पलीकडून काही आले नाही. मग, “बायका पण बसतात व्हय तिथं?”

“बसतात, आई. पोरंबाळं घेऊन बसतात.”

“आणि हिशेब?”

प्रागच्या जुन्या पिण्याच्या घरांत टेबलावर कागदाचा एक कपटा ठेवतात आणि प्रत्येक पेल्यामागे त्यावर रेघ ओढतात. हे आम्ही वाचले होते, ते तिने सांगितले. “एक पेला, एक रेघ. ज्याचा कागद त्याच्या समोर.”

“समोर असतो होय,” आई म्हणाली. “आमच्याकडं वही त्याच्यापाशी असायची.”

त्यानंतर तिने पासपोर्टला किती खर्च येतो ते विचारले.

आता मार्ग. तो नकाशावर फार देखणा दिसतो, आणि त्याचा क्रम आम्ही ठरवला त्यामागे एक सूत्र आहे: म्युनिक, बांबेर्ग, प्लझेन, प्राग. म्युनिकला गारव्यासाठी खोदलेली तळघरे, बांबेर्गला धूर, प्लझेनला धुराची हकालपट्टी, आणि प्रागला टेबलाभोवतीच्या गप्पा. बिअरचा इतिहास असा शहराशहरांतून सरळ रेषेत मांडता येतो, हे आखणी करता करताच ध्यानात आले.

म्युनिकमध्ये दोन रात्री. ऑक्टोबरफेस्ट आमच्या सुट्टीत बसत नाही, आणि बसता तरी गेलो नसतो. राजपुत्राच्या १८१० सालच्या लग्नापासून चालत आलेला तो उत्सव आज तंबूतला कल्लोळ झाला आहे. मे अखेरीस जाण्याचा आमचा हेतू बिअर-बागा पाहण्याचा आहे. बागेचे मूळ शोधताना आम्ही एक संपूर्ण संध्याकाळ रमलो. बव्हेरियातली बिअर थंडीत, तळाशी बसणाऱ्या किण्वाने आंबते. उन्हाळ्यात ती नासे, आणि भट्ट्यांच्या जाळाने आगीचे भय. म्हणून १५५३ च्या आदेशाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर गाळण्यासच मनाई झाली. उन्हाळ्याची बेगमी मार्चमध्ये करायची आणि ती टिकवायला नदीकाठच्या उंचवट्यात तळघरे खोदायची. तळघर गार राहावे म्हणून वर चेस्टनटची झाडे लावली. त्यांची पाने रुंद आणि मुळे उथळ, म्हणजे सावली दाट आणि छताला धोका नाही. खाली खडी पसरली. मग या सावलीत बाकडी टाकून लोकांना तिथेच बिअर द्यावी हे कोणत्याही गाळणाऱ्याला सुचलेच असते. शहरातल्या खानावळवाल्यांचे गिऱ्हाईक तुटले, त्यांनी गाऱ्हाणे नेले, आणि राजा माक्सिमिलियन योसेफ याने १८१२ मध्ये तोड काढली: तळघरावर बिअर विका, पण पावाखेरीज खाणे विकायचे नाही. साहजिकच लोक आपापले खाणे फडक्यात बांधून आणू लागले. ती बंदी कधीच उठली, पण घरचे खाणे आणण्याचा रिवाज आजही मानला जातो. पेय मात्र तिथलेच घ्यायचे.

आपल्याकडे घरचा डबा आणि दारू या दोन गोष्टी एका बाकावर आल्याचे आम्हाला आठवत नाही. डबा घरच्या बाजूचा, बाटली बाहेरच्या. म्युनिकच्या चेस्टनटखाली आम्ही धपाटे खाणार आहोत. युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणू देत नाहीत, म्हणून पीठ दह्यावाचून मळायचे आहे. बागेतले माप एक लिटरचे, त्याला ‘मास’ म्हणतात. आम्ही ते दोघांत एक घेऊ. हॉफब्रॉयहाउस ही १५८९ साली राजघराण्याने स्थापलेली विख्यात जागा दारातून पाहण्यापुरतीच आखणीत आहे.

म्युनिकहून बांबेर्गला जाण्यासाठी न्यूरेम्बर्गपर्यंत अतिवेगवान गाडी आहे, तासाभराच्या आसपास पोहोचवणारी. आम्ही संथ प्रादेशिक गाडी घेणार आहोत. कारण अर्धे पैशांचे: ‘बायर्न-तिकीट’ नावाचे एकच तिकीट दोघांना पुरते, त्यावर कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर बव्हेरियाभर कोणत्याही प्रादेशिक गाडीत बसता येते. अर्धे कारण खिडकीचे. वाटेत इंगोलश्टाट लागते. २३ एप्रिल १५१६ रोजी बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असे फर्मान निघाले ते इथे. शुद्धतेचा कायदा म्हणून त्याचा गाजावाजा फार होतो. मूळ मजकूर वाचला तर त्यातला बराच भाग बिअरच्या दराविषयी आहे. सामान्य माणसाला ती किती पैशांत मिळावी, हे राज्यकर्त्याला शुद्धतेइतकेच महत्त्वाचे वाटत होते. त्या यादीत किण्वाचा उल्लेखही नाही. ज्याच्यामुळे जवाच्या पाण्याची बिअर होते तो घटक सोळाव्या शतकात कुणाला दिसलाच नव्हता. पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ यायला १८७६ साल उजाडावे लागले.

जर्मन गाड्यांच्या वक्तशीरपणाविषयी आपल्याकडे जी आख्यायिका आहे तिचाही निरोप घ्यावा लागला. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोहोचल्या, आणि ‘वेळेवर’ची व्याख्या सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर अशी आहे. आम्ही प्रत्येक बदलापाशी अर्धा-पाऊण तास मोकळा ठेवला आहे. भारतीय रेल्वेवर वाढलेल्या माणसाला हे गणित शिकवावे लागत नाही. नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे: तिकीट आणि आसन या तिथे दोन वेगळ्या वस्तू आहेत. तिकीट काढले म्हणजे जागा मिळाली असे नव्हे, आणि जागा राखून ठेवली नाही म्हणून कुणी उतरवतही नाही.

बांबेर्गला तीन रात्री, म्हणजे सर्वांत जास्त. सत्तर-पंचाहत्तर हजार वस्तीचे गाव, १९९३ पासून जागतिक वारसा. हेगेलने काही काळ इथे वर्तमानपत्र संपादले आणि त्याचा पहिला मोठा ग्रंथ १८०७ मध्ये इथल्याच प्रकाशकाकडून निघाला. म्हणजे महाविद्यालयात सांगण्यासारखे काही आमच्यापाशी आहे. खरे आकर्षण धुराची बिअर. जवाला मोड आणून तो वाळवावा लागतो. पूर्वी सगळीकडेच तो जाळावर वाळवीत, त्यामुळे सगळ्याच बिअरला कमीअधिक धूर लागे. पुढे धूर दाण्याला लागू न देता नुसत्या गरम हवेवर वाळवणाऱ्या भट्ट्या आल्या आणि जगाने धुराला निरोप दिला. बांबेर्गच्या दोन घरांनी, ‘श्लेंकेर्ला’ आणि ‘श्पेत्सिआल’ यांनी, बीचच्या लाकडाचा जाळ विझू दिला नाही. श्लेंकेर्लाच्या घराचा उल्लेख १४०५ पासून सापडतो. हात झुलवत चालणाऱ्या कुणा जुन्या मालकाच्या चालीवरून हे नाव पडले असे सांगतात. पहिला पेला बहुतेकांना रुचत नाही. वर्णने वाचून आम्हाला निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा वास आठवला, आणि चुलीवरची भाकरी गॅसवर येताना काय हरवले तेही. वारसा म्हणून हरवलेल्या गोष्टीचे कौतुक करणे सोपे असते. चुलीपुढे डोळे जाळून घेतलेल्या बायकांना विचारले तर धुराविषयीचे मत वेगळे येईल, हेही इथे नोंदवून ठेवतो.

बांबेर्गची एक भाषिक गंमत आम्हा दोघांनाही फार आवडली. तिथले लोक तळघरात जात नाहीत, तळघरा‘वर’ जातात. तळघरे टेकडीच्या पोटात आणि बाकडी वर झाडाखाली. म्हणून संध्याकाळी माणूस ‘केलरवर’ जातो, जसा आपल्याकडे कट्ट्यावर किंवा पारावर. फ्रँकोनियाचे माप अर्ध्या लिटरचे, ‘झाय्डला’. गावातली म्हातारी माणसे आपापला झाय्डला घेऊन दरी पाहत बसतात, अशी छायाचित्रे आम्ही पुष्कळ पाहिली. तीन रात्री इथे ठेवण्याचा आग्रह तिचा. एकाच जागी सलग तीन संध्याकाळी गेल्याशिवाय कोण उठून जाते आणि कोण बसून राहते हे कळणार नाही, असे तिचे म्हणणे.

बांबेर्ग ते प्लझेन हा मार्गाचा अवघड तुकडा. न्यूरेम्बर्गला यायचे, तिथून श्वान्डोर्फ, आणि श्वान्डोर्फला म्युनिकहून प्रागला जाणारी गाडी पकडायची. ती साधारण दर दोन तासांनी असते, चुकली तर पुढची. इथून पुढे फुर्थ इम वाल्डमार्गे सरहद्द ओलांडून दोमाझ्लित्सेकडे जाणारा लोहमार्ग अजून विजेचा झालेला नाही. डिझेलचे इंजिन जंगलातून सावकाश जाते. १९८९ पर्यंत इथे काटेरी तारा होत्या. २००७ च्या डिसेंबरात चेक प्रजासत्ताक शेंगेन क्षेत्रात आले आणि या सरहद्दीवरची पासपोर्ट-तपासणी संपली. वेगाने जाणारा दुसरा काही मार्ग मिळाला असता तरी आम्ही हाच घेतला असता.

प्लझेनला, जर्मनीत त्याला पिल्सेन म्हणतात, एक रात्र. इथली बिअर एके काळी इतकी वाईट होती की १८३८ साली छत्तीस पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली गेल्याची हकिगत सांगतात. त्यानंतर बिअर गाळण्याचा हक्क असलेल्या नागरिकांनी एकत्र येऊन नवे घर बांधले, बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला, आणि त्याने ऑक्टोबर १८४२ मध्ये पहिला घाणा काढला. गावचे पाणी कमालीचे मृदू, झातेत्सचे सुगंधी हॉप्स, धुरावाचून वाळवलेला फिकट जव आणि बव्हेरियाची थंड पद्धत. निघाली ती सोनेरी, नितळ बिअर. आज जगात विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य बिअर, आपल्या गावच्या ‘बिअर शॉपी’तल्या हिरव्या-तपकिरी बाटल्यांसह, तिच्याच दूरच्या नातलग आहेत. नागरिकांनी उभारलेल्या त्या कारखान्याची मालकी २०१७ पासून जपानच्या असाही कंपनीकडे आहे. तळघरांचे सुमारे नऊ किलोमीटरचे बोगदे अजून आहेत; पाहायला येणाऱ्यांना तिथे ओकच्या पिंपातून न गाळलेली बिअर देतात. लहानसाच पेला, आणि तोही उभ्याने. त्या दिवसाच्या वहीत आम्ही आणखी काही लिहिलेले नाही.

प्रागला दोन रात्री, आणि इथे आमच्यातले मराठीचे अध्यापक जागे होतात. चेक लोक दरडोई बिअर पिण्यात कित्येक वर्षे जगात पहिले आहेत. त्यांच्याकडे एकाच पिंपातून तीन रीतींनी पेला भरतात: नेहमीचा ‘ह्लादिन्का’, अर्ध्याहून अधिक फेस असलेला ‘श्निट’, आणि जवळजवळ सगळा फेसच असा ‘म्लीको’, म्हणजे दूध. दुधाचा पेला! आमच्या पाठभेदाला चेक भाषेने दिलेला हा पाठिंबाच. पण याच शहराने यारोस्लाव हाशेक दिला. त्याच्या श्वेइकची गोष्ट पहिल्याच प्रकरणात पिण्याच्या घरात पोहोचते, आणि स्वतः हाशेक १९२३ मध्ये, चाळिशीही न गाठता, कादंबरी अपुरी ठेवून गेला. दारूने त्याचे शरीर आधीच पोखरले होते. सुधाकर फक्त मराठीतच जन्मतो असे नाही. समोरच्या कागदावर रेघा असल्या म्हणून प्रत्येकाला त्या वाचता येतात असेही नाही. आणि ती जे थांबणे पाहायला निघाली आहे ते मापाने येते, सवयीने येते की नुसत्या नशिबाने, याविषयी आमच्यात अजून एकमत नाही.

बोहुमिल ह्राबाल हा दुसरा. आम्ही त्याला इंग्रजीतून वाचला. त्याचे बालपण निंबुर्क गावच्या बिअर कारखान्यात गेले, कारण सावत्र वडील तिथे व्यवस्थापक होते; युद्धकाळात तो जवळच्याच कोस्तोम्लाती स्थानकावर गाड्या सोडण्याच्या कामाला होता. कारखान्यावरून त्याने ‘पोस्त्रिझिनी’ लिहिली, स्थानकावरून गाड्यांची ती छोटी कादंबरी, जिच्यावरील यिर्झी मेंझेलच्या १९६६ च्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. बिअर आणि आगगाडी या आमच्या प्रवासाच्या दोन्ही गोष्टी एकाच लेखकात अशा एकत्र भेटाव्यात, हा योग आम्ही ठरवून आणलेला नाही. म्हातारपणी ह्राबाल प्रागच्या ‘सोनेरी वाघ’ या पिण्याच्या घरात ठरलेल्या टेबलाशी बसे; १९९४ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष हावेल अमेरिकेच्या क्लिंटनना घेऊन तिथेच आले. दुपारी तीनला दार उघडते आणि नेहमीच्या मंडळींच्या जागा ठरलेल्या असतात. पेला संपला की दुसरा न विचारता येतो, हे इथेही आहेच. कोलोन ज्या कारणासाठी नको म्हटले ते प्रागमध्ये भेटणार, हे आमच्यातल्या त्याने दाखवून दिले. ती म्हणाली, “एवढ्या लांब गेल्यावर एकदा झाकण ठेवून बघू.”

कागदपत्रे निम्मी झाली आहेत. पाच रात्री जर्मनीत आणि तीन चेकमध्ये, त्यामुळे अर्ज जर्मनीच्या व्हिसासाठी. ज्या देशात मुक्काम अधिक त्याच्याकडे अर्ज करायचा असा नियम आहे. माणशी ९० युरो शुल्क, किमान ३०,००० युरोंचा विमा, रोजच्या मुक्कामाचा पत्ता. महाविद्यालयाच्या ना हरकत प्रमाणपत्राच्या अर्जात ‘प्रवासाचे प्रयोजन’ असा रकाना आहे. तिथे ‘पर्यटन’ असे लिहिले. कार्यालयातल्या बाईंनी तो वाचून, “स्वित्झर्लंड का, मॅडम?” एवढेच विचारले. बिअरचा खर्च सगळ्यांत कमी आहे. सगळ्यांत जास्त विमानाचा, त्याखालोखाल खोल्यांचा. आमच्यातला एक जण शाकाहारी. त्याच्यासाठी प्रागला तळलेले चीज आणि बव्हेरियात मुळा, खारी प्रेत्सेल आणि ‘ओबात्झ्दा’ नावाचे कालवलेले चीज आहे, म्हणजे उपाशी राहायचे कारण नाही.

उरला आहे निंबुर्कचा प्रश्न. प्रागहून ते पाऊण तासाच्या आसपास आहे आणि गाड्या दिवसभर आहेत. परतीचे विमान रात्रीचे मिळाले तर सकाळी जाऊन एल्बे नदीकाठी तासभर फिरून दुपारी परत येता येईल. तिथल्या कारखान्याने आपल्या बिअरला ह्राबालच्या कादंबरीचे नाव दिले आहे, तिचा एकेक पेला स्थानकाजवळ कुठे मिळतो ते शोधायचे. दुपारचे विमान मिळाले तर निंबुर्क वगळावे लागेल, किंवा बांबेर्गची एक रात्र कमी करावी लागेल. बांबेर्गची रात्र द्यायला ती तयार नाही. विमानाचे तिकीट अजून काढलेले नाही.